नोंदींची नाती : शाळेच्या संगणकीय दप्तरातील संचांचे परस्परसंबंध

पाठाचा उद्देश

शाळेचे दप्तर आता कागदावर जितके आहे, तितकेच संगणकावरही आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत आणि आता ‘यूडायस प्लस’मध्येही मुलामुलांची माहिती शिक्षकांनाच भरावी लागते. काही उत्साही शिक्षक आपल्या शाळेपुरती किंवा केंद्रापुरती लहानशी संगणकीय दप्तरे स्वतःही तयार करू लागले आहेत. माहिती भरण्याच्या, सुधारण्याच्या आणि पाहण्याच्या या पटलास ॲडमिन पॅनेल म्हणतात, आणि पटलामागे जेथे माहिती साठते त्या भागास बॅकएंड म्हणतात. पटलावरील चौकटी कशा भराव्यात हे प्रशिक्षणात सांगितले जाते. परंतु त्या चौकटींमागे माहितीच्या निरनिराळ्या संचांची जी नाती बांधलेली असतात, त्यांचा उलगडा क्वचितच केला जातो. तो येथे करावयाचा आहे. हा पाठ वाचल्यावर शिक्षकास दोन गोष्टी साधाव्यात : भरत असलेल्या माहितीमागील रचना ओळखता यावी, आणि स्वतः दप्तर रचावयाचे झाल्यास संचांमधील संबंध आधी कागदावर ठरविता यावेत.

१. संच, नोंद आणि रकाना

नवे शब्द आले म्हणून बिचकण्याचे कारण नाही; वस्तू जुन्याच आहेत. जनरल रजिस्टर हा एक संच. त्यातील एका मुलाची आडवी ओळ म्हणजे एक नोंद. नाव, जन्मदिनांक, प्रवेश दिनांक हे रकाने. हजेरीपत्रक हा दुसरा संच, शिक्षकांची सेवापुस्तके हा तिसरा, निकालपत्रक हा चौथा.

कागदी दप्तरातही हे संच एकमेकांपासून अलग नसतात. हजेरीपत्रकातील नावापुढे आपण जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहितो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच क्रमांक येतो. एका वहीतील नोंदीने दुसऱ्या वहीतील नोंदीकडे बोट दाखवावे, यालाच संबंध म्हणतात. कागदावर हे बोट शिक्षकाच्या स्मरणाने व सवयीने चालते. संगणकास ना स्मरण ना सवय. म्हणून त्यास प्रत्येक नाते आधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे लागते.

२. ओळख क्रमांकाचे महत्त्व

बोट दाखवावयाचे तर ते नेमके एकाच नोंदीवर पडले पाहिजे. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची, इतकेच नव्हे तर वडिलांचे नावही तेच असलेली दोन मुले असणे ही नवलाची गोष्ट नाही. शिवाय नाव लिहिण्याचे प्रकार अनेक. एकाने ‘ज्ञानेश्वर’ लिहावे, दुसऱ्याने ‘ज्ञानेश’. यास्तव नावावर नाते बांधू नये. प्रत्येक नोंदीस एक असा क्रमांक असावा की जो दुसऱ्या कोणत्याही नोंदीस नाही, जो पुढे बदलत नाही आणि एकाचा गेल्यावर दुसऱ्यास दिला जात नाही.

शाळेचा यूडायस क्रमांक असा आहे. तो ११ अंकी असून त्यातील पहिले २ अंक राज्याचे, पुढील २ जिल्ह्याचे, २ तालुक्याचे, ३ गावाचे वा प्रभागाचे आणि शेवटचे २ शाळेचे. महाराष्ट्रातील क्रमांक म्हणूनच २७ ने सुरू होतो. मुलास मिळणारा ‘पेन’ नावाचा कायम शिक्षण क्रमांकही ११ अंकीच आहे. तेव्हा दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. पहिला शाळा दाखवितो, दुसरा मूल.

येथे पटलाची एक खुबी ध्यानी घ्यावी. मुलाच्या अर्जात ‘शाळा’ या चौकटीवर बोट ठेवताच शाळांच्या नावांची यादी उघडते आणि आपण नाव निवडतो. डोळ्यांना नाव दिसते, पण कोठारात साठतो तो क्रमांक. याचा लाभ असा की उद्या शाळेचे नाव बदलले तर ते शाळांच्या संचात एकदाच बदलावयाचे. शेकडो मुलांच्या नोंदींना हात लावावा लागत नाही. जी गोष्ट एक आहे ती एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरांनी तिच्याकडे बोट दाखवावे, हा या विद्येचा पहिला नियम होय.

या विचारास शास्त्राचे रूप दिले ते एडगर कॉड यांनी. जन्माने इंग्रज असलेले हे गणितज्ञ अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत काम करीत होते. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात मोठ्या माहितीसाठ्याची मांडणी परस्परसंबद्ध तक्त्यांत कशी करावी हे दाखविले. त्यापूर्वीच्या पद्धतींत माहिती कोठे व कोणत्या वाटेने ठेवली आहे हे वापरणारास ठाऊक असावे लागे. कॉड यांच्या मांडणीत नोंदीतील मूल्यच दुसऱ्या नोंदीपर्यंत नेते. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

३. नात्यांचे तीन प्रकार

(अ) एकास एक. पहिल्या संचातील एका नोंदीचे दुसऱ्या संचातील फार तर एकाच नोंदीशी नाते असते. मुलाचा शाळेतील एक प्रवेश आणि त्या प्रवेशाचा शाळा सोडल्याचा दाखला हे याचे उदाहरण. दुय्यम प्रत दिली तरी ती त्याच दाखल्याची प्रत असते, नवा दाखला नव्हे. मग दोन्ही एकाच संचात का लिहू नये, असा प्रश्न येईल. लिहिता येतात, परंतु शिकत असलेल्या मुलाच्या नोंदीत दाखल्याचे सारे रकाने रिकामे राहतात, आणि दाखला देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडे असल्याने तो संच वेगळा ठेवणे सोयीचे होते.

(आ) एकास अनेक. एका पालकाची अनेक मुले. एका वर्गात अनेक विद्यार्थी. एका केंद्रात अनेक शाळा. दप्तरात सर्वाधिक भेटणारे नाते हेच. यात बोट कोणी कोणाकडे दाखवावे, हा कळीचा प्रश्न. नवखा मनुष्य केंद्राच्या नोंदीत ‘शाळा’ नावाचा एक रकाना करतो आणि त्यात स्वल्पविराम देऊन दहा शाळांची नावे लिहितो. अशा रकान्यातून संगणकास मोजता येत नाही, शोधता येत नाही, आणि एखादी शाळा दोन केंद्रांच्या यादीत शिरली तरी कोणास कळत नाही. उलट प्रत्येक शाळेच्या नोंदीत ‘केंद्र’ हा एक रकाना ठेवला, तर एका शाळेस एकच केंद्र राहते. नियम असा : ज्या बाजूस ‘अनेक’ आहेत त्या बाजूच्या नोंदीत बोट ठेवावे. केंद्राची नोंद उघडल्यावर खाली शाळांची यादी पटलावर दिसते खरी, पण ती तेथे लिहिलेली नसते. शाळांच्या नोंदी पाहून संगणक ती त्या क्षणी तयार करतो.

मुलाचे आईवडील हे या नात्याचेच थोडे निराळे रूप आहे. आई आणि वडील दोघेही ‘पालक’ या एकाच संचातील; पण नाती दोन आणि त्यांच्या भूमिकाही दोन. तेव्हा मुलाच्या नोंदीत ‘आई’ व ‘वडील’ असे दोन वेगळे रकाने ठेवून दोन्ही पालकसंचाशी जोडावेत, आणि दोहोंपैकी एक रिकामा राहिला तरी नोंद अडू नये. ज्या मुलाचे वडील हयात नाहीत त्याचा अर्ज पटलाने परत करावा, हे कोणत्याही दप्तरास शोभणारे नाही.

(इ) अनेकांस अनेक. द्विशिक्षकी शाळा घेऊ. इयत्ता चार, शिक्षक दोन. पहिले शिक्षक पहिली व दुसरी सांभाळतात. दुसरे शिक्षक तिसरी व चौथी सांभाळून चारही वर्गांना इंग्रजी शिकवितात. येथे एका शिक्षकाचे अनेक वर्ग आहेत, आणि पहिली व दुसरी या वर्गांचे शिक्षकही दोन-दोन आहेत. बोट शिक्षकाच्या नोंदीत ठेवावे तर एका रकान्यात चार वर्ग येतात. वर्गाच्या नोंदीत ठेवावे तर एका रकान्यात दोन शिक्षक येतात. यावर उपाय म्हणजे मधला तिसरा संच. त्यास ‘अध्यापन वाटप’ म्हणू. त्यातील प्रत्येक ओळीत एक शिक्षक व एक वर्ग अशी एकच जोडी. पहिल्या शिक्षकाच्या २ आणि दुसऱ्याच्या ४ अशा एकूण ६ जोड्या झाल्या. कोणता विषय हे शिक्षकाच्याही नोंदीत मावत नाही आणि वर्गाच्याही नाही. तो या मधल्या ओळीतच शोभतो, आणि जोडीचे विषय अनेक असल्यास प्रत्येक विषयास एक ओळ करावी. जी माहिती दोघांपैकी कोणा एकाची नसून दोघांच्या नात्याची आहे, तिचे घर हा मधला संच होय.

४. मूल आणि शाळा : हे नाते कोणते ?

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. मूल आणि शाळा यांचे नाते वरवर पाहता ‘एकास अनेक’ वाटते : एका शाळेत अनेक मुले, आणि एक मूल एकाच शाळेत. कोणत्याही एका दिवशी हे खरे आहे. परंतु दप्तर एका दिवसाचे नसते.

समजा, बीड जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत गंगा नावाची मुलगी १५ जूनपासून तिसरीत शिकत आहे. आईवडील ऊसतोडणीस निघाले, तेव्हा १० नोव्हेंबरला तीही त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या परिसरात गेली. तेथील शाळेने तिला १८ नोव्हेंबरला दाखल करून घेतले. २० मार्चपर्यंत ती तेथे शिकली आणि २४ मार्चला पुन्हा आपल्या गावच्या शाळेत आली. ही नोंद तीन प्रकारे होऊ शकते.

पहिला प्रकार : गंगाच्या नोंदीत ‘शाळा’ असा एकच रकाना आहे. नोव्हेंबरात तो बदलला की गावच्या शाळेचे नाव पुसले जाते. तिची जून ते नोव्हेंबरची हजेरीही आता कारखान्याजवळच्या शाळेची असल्यासारखी दिसते. मार्चमध्ये पुन्हा बदल केला की त्या शाळेने चार महिने तिला शिकविले याचा मागमूस राहत नाही.

दुसरा प्रकार : कारखान्याजवळच्या शाळेने तिची जुनी नोंद शोधली नाही, नवीच केली. आता राज्यात दोन गंगा झाल्या. एक हजर आहे, दुसरी दीर्घकाळ गैरहजर. पुढे तीच शाळाबाह्य ठरेल. याचा परिणाम कागदावरच राहत नाही. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ शिक्षक असावेत. एका मुलाची दोनदा नोंद झाली किंवा एक मूल नोंदीतून निसटले, तर ६० चे ६१ किंवा ६१ चे ६० होण्यास वेळ लागत नाही. आणि त्याबरोबर एका शाळेस मिळावयाचा शिक्षक मिळत नाही, किंवा दुसरीस खोट्या आकड्यावर मिळतो.

तिसरा प्रकार : मूल एका संचात, शाळा दुसऱ्या संचात आणि मध्ये ‘प्रवेश’ नावाचा तिसरा संच. त्यातील प्रत्येक ओळीत मुलाचा क्रमांक, शाळेचा क्रमांक, इयत्ता, ‘पासून’ दिनांक आणि ‘पर्यंत’ दिनांक. गंगाच्या तीन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीतील ‘पर्यंत’ रिकामा आहे, म्हणजे तो प्रवेश चालू आहे. गंगा एकच राहिली. प्रवेश तीन झाले. याबरोबर एक बंधन घालावे : एका मुलाचा चालू प्रवेश एका वेळी एकच असावा. मग दुसऱ्या शाळेने तिला दाखल करू जाताच पटल सांगेल की पहिला प्रवेश आधी बंद झाला पाहिजे.

हजेरीही मुलाशी थेट न जोडता प्रवेशाशी जोडावी. समजा, गंगाची हजेरी पहिल्या प्रवेशात ८८ दिवस, दुसऱ्यात ७४ आणि तिसऱ्यात १८ अशी भरली. गावच्या शाळेच्या वहीत तिचे केवळ ८८ अधिक १८, म्हणजे १०६ दिवस दिसतात आणि ती अनियमित ठरते. तिन्ही प्रवेश एका मुलाशी जोडलेले असल्यास बेरीज १८० येते. हे ७४ दिवस तिच्या कष्टाचे आहेत, आणि तिला सामावून घेणाऱ्या त्या शाळेच्या कष्टाचेही. दप्तराच्या रचनेने ते हिरावून घेऊ नयेत.

आणखी एक लाभ याहून मोठा आहे. ११ ते १७ नोव्हेंबर हे ७ दिवस आणि २१ ते २३ मार्च हे ३ दिवस गंगाच्या नावावर कोणताच चालू प्रवेश नाही. ‘ज्यांचा आज एकही चालू प्रवेश नाही, अशी मुले दाखव’ असा प्रश्न या रचनेस विचारता येतो, आणि उत्तरात जी नावे येतात ती शोधावयाची मुले होत. पहिल्या प्रकारच्या दप्तरात हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तेथे प्रत्येक मुलापुढे कोणत्या ना कोणत्या शाळेचे नाव लिहिलेलेच असते. जे मूल वर्गात नाही तेही ज्यातून दिसते, ते दप्तर खरे.

‘यूडायस प्लस’मध्ये शाळा सोडलेल्या मुलाची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये ठेवली जाते आणि नव्या शाळेने ती तेथून आयात करावयाची असते. ही खटपट का, असे पुष्कळांना वाटते. वरील विवेचनावरून तिचे कारण ध्यानी येईल : मूल एकच राहावे, बदलावे ते शाळेशी असलेले नाते. म्हणून बाहेरगावचे मूल आले असता नवी नोंद करण्यापूर्वी त्याचा पेन क्रमांक विचारावा आणि जुनी नोंद शोधावी.

५. नोंद पुसावी की बंद करावी ?

नाते बांधताना आणखी एक प्रश्न आधीच सोडवावा लागतो : ज्या नोंदीकडे इतर नोंदी बोट दाखवीत आहेत तीच कोणी पुसू लागला तर काय व्हावे ? मार्ग तीन आहेत. एक, अवलंबून असलेल्या नोंदी आहेत तोवर पुसूच न देणे. दोन, तिच्याबरोबर अवलंबून असलेल्या साऱ्या नोंदीही पुसणे. तीन, त्या नोंदींतील बोट काढून रकाना रिकामा करणे.

शाळा आणि प्रवेश यांच्यात पहिलाच मार्ग योग्य. एखादी शाळा बंद होऊन तिची मुले शेजारच्या शाळेत गेली तरी शाळेची नोंद पुसू नये, तिला ‘बंद’ अशी स्थिती द्यावी. कारण तिच्या जुन्या विद्यार्थ्यास वीस वर्षांनीही दाखला लागेल. मुलाच्या नोंदीबाबतही हेच. दुसरा मार्ग अत्यंत जपून वापरावा : चुकून एक वर्ग पुसला आणि त्याबरोबर त्याची सारी हजेरी गेली, असे घडू शकते. अर्धवट सोडलेल्या अर्जाबरोबर त्याची जोडपत्रे जावीत, इतपतच तो बरा. तिसरा मार्ग शिक्षक व वर्ग यांच्यासारख्या ठिकाणी उपयोगी पडतो. वर्गशिक्षकाचे नाव निघाले तरी वर्ग राहतोच, आणि रिकामा रकाना वर्गास शिक्षक हवा हे सांगत राहतो.

यातही नवे काही नाही. जनरल रजिस्टर हा कायम अभिलेख आहे. त्याचे पान फाडावयाचे नसते, त्यातील अक्षर खरवडून काढावयाचे नसते. दुरुस्ती करावयाची ती आधीचे वाचता येईल अशा रीतीने आणि मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने. जुन्या दप्तराची ही शिस्त संगणकीय दप्तरातही उतरली पाहिजे.

६. आराखडा काढण्याची रीत

संगणक सुरू करण्यापूर्वी फळ्यावर किंवा कागदावर आराखडा काढावा. पीटर चेन यांनी १९७६ साली वस्तू व त्यांचे संबंध चित्राने दाखविण्याची रीत मांडली. तिची सोपी रूपे आता सर्वत्र वापरली जातात. क्रम असा ठेवावा :

(१) ज्यांची नोंद ठेवावयाची ती नामे लिहावीत : मूल, पालक, शाळा, वर्ग, शिक्षक. प्रत्येकास एक चौकट.
(२) प्रत्येक चौकटीत ओळख क्रमांक प्रथम लिहावा.
(३) संबंध असलेल्या दोन चौकटी रेघेने जोडाव्यात आणि दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारावा : ‘या एकाचे ते किती ?’ आणि ‘त्या एकाचे हे किती ?’ ‘अनेक’ असलेल्या टोकाशी कावळ्याच्या पायासारखी तीन बोटांची खूण करावी.
(४) तिसरा प्रश्न विसरू नये : ‘आज किती ?’ हे ठरले, ‘वर्षभरात किती?’ आणि ‘दहा वर्षांत किती ?’ येथे उत्तर बदलल्यास मधला संच हवा.
(५) दोन्ही टोकांस ‘अनेक’ आल्यास मधला संच काढावा आणि त्यास अर्थपूर्ण नाव द्यावे.
(६) प्रत्येक रेघेवर दोन गोष्टी लिहाव्यात : रकाना रिकामा चालेल काय, आणि नोंद पुसू लागल्यास काय व्हावे.

इतके झाल्यावरच पटलावर संच तयार करावेत. माहिती भरून झाल्यावर नाते बदलणे फार जड जाते. भिंती चढल्यावर पाया हलविण्यासारखे ते आहे.

७. स्वाध्याय

केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढील प्रश्न गटांनी सोडवावेत व आराखडे फळ्यावर मांडावेत.

(१) शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके आणि ती वाचावयास नेणारी मुले यांचे नाते कोणते ? परत केल्याचा दिनांक कोणत्या संचात लिहाल ? एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्यास आणखी कोणता संच लागेल ?
(२) शालेय पोषण आहाराचा रोजचा लाभार्थी आकडा स्वतंत्रपणे लिहावा, की हजेरीवरून काढावा ? दोहोंत फरक केव्हा पडू शकतो ?
(३) आपल्या शाळेतील एका मुलाचा दूरध्वनी क्रमांक सध्या किती ठिकाणी लिहिलेला आहे ते मोजा. तो बदलल्यास किती ठिकाणी हात लावावा लागेल ?
(४) मुख्याध्यापक हे स्वतः शिक्षकच आहेत. मग ‘मुख्याध्यापक’ असा वेगळा संच करावा काय ? की शाळेच्या नोंदीतून शिक्षकांच्या संचाकडे बोट दाखवावे ?
(५) आपल्या गावातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या एका मुलाच्या गेल्या वर्षीच्या प्रवेशांच्या ओळी, पासून-पर्यंत दिनांकांसह, कागदावर लिहा. कोणते दिवस कोणत्याच ओळीत येत नाहीत ?

पाचवा प्रश्न प्रत्येक शाळेने अवश्य सोडवावा. त्यातून निघणारे मोकळे दिवस मोजून, त्या दिवसांत मूल कोठे होते याची चौकशी पालकांकडे व समोरच्या शाळेकडे करावी, आणि पुढील हंगामात पालक निघण्यापूर्वीच मुलाचा पेन क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावा.